साळवे मिस्त्रींचा नॉर्मल रिपोर्ट

साळवे मिस्त्री ओरडत नसत. रोलिंग मिलमध्ये हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण तिथे शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी घसा ताणावा लागतो. मिस्त्री मात्र हलक्या आवाजात बोलत. ते बोलायला लागले की माणसं हातातलं काम ठेवून दोन पावलं जवळ जात आणि कान पुढे करून ऐकत.

जालन्याच्या एमआयडीसीत सळई काढणाऱ्या एका मिलमध्ये मी इलेक्ट्रिशियन म्हणून लागलो तेव्हा मिस्त्री पस्तिशीत होते. मूळचे तीर्थपुरीचे. मिलमध्ये आले ते भट्टीवर कोळसा ओढायला, आणि माझ्या वेळेपर्यंत शेवटच्या स्टँडचे मिस्त्री झाले होते. उंची बेताची, मनगटं मात्र जाड. डोक्याला ओली दस्ती, म्हणजे मोठा रुमाल, बांधलेली. झाडूवाल्यापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना ते 'मालक' म्हणत. खऱ्या मालकाला तेवढं 'शेठ'.

माझी जागा पॅनलरूममध्ये. काचेच्या खिडकीतून सगळी मिल दिसे. भट्टीतून लाल लोखंड निघे, एकेका स्टँडमध्ये, म्हणजे लोखंडी चौकटीत बसवलेल्या रोलमधून दाबलं जाऊन बारीक आणि लांब होत जाई. दर स्टँडपुढे एक माणूस लांब चिमट्याने त्याचं तोंड पकडून ते पुढच्या स्टँडमध्ये घाली. शेवटच्या स्टँडवर सळई सगळ्यात वेगाने येते. पकडता आली नाही तर ती सरळ सुटते, कमरेच्या उंचीवर. तिथे मिस्त्री उभे असत. त्यांनी डावा हात वर केला की मी मोटर बंद करायची, एवढंच आमचं ठरलेलं. बाकी कोणी कितीही ओरडलं तरी मिल बंद करायची नाही, कारण माल आत असताना रोल थांबले की सगळा दिवस गुंत्यातून लोखंड कापण्यात जातो.

एकदा त्यांनी असाच हात वर केला. सगळं सुरळीत चाललं होतं. सुपरवायझर धावत आला, "काय झालं?" मिस्त्री म्हणाले, "आवाज बदललाय." सुपरवायझरला काही ऐकू आलं नव्हतं, मलाही नाही. शिव्या देत दोन तास खोलाखोल झाली. तिसऱ्या रोलच्या मानेला केसाएवढी चीर निघाली. तो रोल चालता चालता फुटला असता तर समोरचे दोघे गेलेच असते. मिस्त्रींनी दस्ती ओली केली आणि म्हणाले, "घाई लोखंडाला हाय मालक. आपल्याला न्हाई."

जेवणाच्या सुट्टीत ते पेपर वाचून दाखवत. निम्म्या लोकांना वाचता येत नसे. बाजारभाव, अपघात, 'पाहिजेत'च्या जाहिराती, सगळं ते त्याच गंभीर सुरात वाचत. हवामानाचा अंदाज वाचून झाला की शेख बाबू, त्यांच्या शेजारच्या स्टँडवरचा, दरवेळी विचारायचा, "मिस्त्री, आज मिलमधे किती डिग्री लिहिलंय?" मिस्त्री पेपरात बघून सांगत, "तुझं नाव लिहिलंय. म्हंत्यात बाबूला सोसंल तेवढी."

ते वाचन बिघडलं, तिथून हे सगळं सुरू झालं. आम्हाला कोणाला कळलं नाही.

दोन हजार साल उलटून गेलं होतं, मिस्त्री पन्नाशीला आले होते. मिस्त्रींच्या धाकट्या लेकीचं, सुजाताचं लग्न ठरलं होतं. मुलगा अंबडचा, शाळेत शिक्षक. घरी आनंद, तब्येत धडधाकट, दारूला त्यांनी कधी हात लावलेला नाही. दुःख शोधायचंच म्हटलं असतं तर सापडलं नसतं. आणि एक दिवस पेपर वाचताना मिस्त्रींनी एक ओळ दोनदा वाचली. आम्ही हसलो. त्यांनी ती तिसऱ्यांदा वाचली. मग पेपरची घडी घालून म्हणाले, "डोळे दुखून राह्यले." दुसऱ्या दिवसापासून पेपर बंद झाला.

पुढच्या महिन्याभरात मिस्त्री माझ्या डोळ्यांदेखत वाळत गेले. डबा तसाच परत न्यायचे. पाळी आठला सुरू होई, ते सहालाच येऊन गेटच्या कट्ट्यावर बसलेले. मी विचारलं तर म्हणाले, "झोपच न्हाई तं घरी काय करू?" एका वाक्याचं उत्तर द्यायला त्यांना इतका वेळ लागे, की विचारणारा निघून जाई. मला सगळ्यात जास्त टोचलं ते हे, की त्यांनी 'मालक' म्हणणं सोडलं. कोणाला काहीच म्हणेनात.

मिलमध्ये ज्याचं त्याचं निदान तयार होतं. कोणी म्हणे करणी झाली. कोणी म्हणे मुलीच्या लग्नाचा ताण. सुपरवायझर म्हणे, "मिस्त्री आता म्हातारा झाला." वहिनींनी, म्हणजे मिस्त्रींच्या बायकोने, कौसाबाईंनी, एका मांत्रिकाकडून दोरा आणून बांधला. मिस्त्रींनी बांधू दिला. एरवी असल्या गोष्टींवर ते तासभर वाद घालत.

एक दिवस चहाच्या वेळी मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. म्हटलं, "मिस्त्री, मनात काय चाललंय?"

चहाचा कप खाली ठेवून बोलले. "एकच जण बोलून राह्यलाय डोक्यात. दिवसरात. तू कामाचा न्हाई, तू कामाचा न्हाई. बाकीचे समदे गप हायेत."

"बाकीचे कोण?"

"मीच की," ते म्हणाले आणि उठून गेले.

पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारचे तीन वाजले असतील. मी खिडकीतून मिस्त्रींकडे बघत होतो. खरं म्हणजे त्या दिवसांत मी दुसरीकडे कुठे बघतच नव्हतो. शेवटच्या स्टँडमधून सळईचं लाल तोंड बाहेर आलं. मिस्त्रींच्या हातात चिमटा होता. तो खालीच राहिला. ते सळईकडे बघत होते, स्पष्ट बघत होते, आणि जागचे हलले नाहीत.

हात वर झाला नव्हता. मी बटण दाबलं. पण मिलचं मोठं चाक बटण दाबलं म्हणून थांबत नाही, आपल्या जोरावर कितीतरी वेळ फिरत राहतं. काचेवर हात आपटत मी ओरडलो. ते कोणाला ऐकू जाणार? सळई सरळ त्यांच्या पोटाच्या रोखाने निघाली. शेख बाबूने हातातला चिमटा फेकला, मागून मिस्त्रींचा पट्टा धरला आणि दोघं बाजूच्या राखेत पडले. सळई त्यांच्या उभं राहण्याच्या जागेवरून गेली, पुढच्या खांबाला धडकली, आणि वेटोळं होऊन तिथेच लाल धगधगत पडली.

मी धावत खाली आलो. बाबूच्या कोपराची कातडी सोलून निघाली होती, तो शिव्या देत होता. मिस्त्री राखेत बसून होते. मला म्हणाले, "तू बंद का केलं? मी हात वर केला नव्हता."

"मिस्त्री, हलला का नाहीत तुम्ही?"

त्यांनी खूप विचार केला. खोटं बोलायचं नसलेला माणूस जसा आठवून आठवून बोलतो तसे बोलले. "हलायला पाहिजे हे कळत व्हतं. बराबर कळत व्हतं. पण ते कळलेलं हातापोतर आलंच न्हाई." मग अगदी हळू, "आन् यायला पाहिजे असं वाटलंबी न्हाई."

बाबूने त्यांचा पट्टा पुन्हा घट्ट धरला.

शेठनी आठ दिवसांची रजा दिली. जालन्यातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मेंदूत गाठ वगैरे नाही ना बघून घ्या, औरंगाबादला एमआरआय करा. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही चला संगं. मला एकटीला ह्यांची भीती वाटते." घरातली कोयती त्यांनी शेजारणीकडे नेऊन ठेवली होती, हे त्यांनी मला बसमध्ये सांगितलं, मिस्त्री खिडकीशी डोळे मिटून बसलेले असताना.

एमआरआयच्या नळकांड्यात मिस्त्री अर्धा तास होते. बाहेरपर्यंत मशीनची ठोकठोक ऐकू येत होती. ते बाहेर आल्यावर मी मुद्दाम विचारलं, "मिस्त्री, मशीनचा आवाज कसा होता?" वाटलं होतं, काहीतरी खोट काढतील, बेअरिंग ढिलं आहे म्हणतील.

"ऐकला न्हाई," ते म्हणाले.

दुपारी रिपोर्ट हातात आला. सगळं नॉर्मल. मी सुटकेचा श्वास टाकला. वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. मिस्त्री तो मोठा काळा फोटो दोन्ही हातांत धरून पायरीवर बसले आणि त्यांचा चेहरा जो उतरला, तो मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

"गाठ निघाली असती तं बरं झालं असतं," ते म्हणाले. "नॉर्मल म्हंजे काय? मी नाटक करून राह्यलो, असंच ना?"

"अहो, असं कुठं लिहिलंय," वहिनी म्हणाल्या.

"मंग काय लिहिलंय?"

रस्त्यावरून ट्रक जात होते. मिस्त्री त्या ट्रककडे बघायला लागले; एक गेला की दुसरा येईपर्यंत मान तशीच ठेवून. मी त्यांच्या आणि रस्त्याच्या मधे जाऊन उभा राहिलो. त्यांना ते कळलं. माझा शर्ट धरून म्हणाले, "आज मला एकट्याला सोडू नका. संडासलाबी न्हाई. मला माझा भरोसा वाटून न्हाई राह्यला."

हे त्यांनी सांगितलं म्हणून पुढचं सगळं झालं. त्याच पावली आम्ही रिक्षा करून मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथे मनोविकार विभागाची पाटी बघून मिस्त्रींचे पाय थांबले. "इथं कोणी वळखीचं दिसलं तं सुजाताचं लग्न मोडंल." वहिनी त्यांच्यापुढे झाल्या. म्हणाल्या, "मोडू द्या. पोरीला बाप पाहिजे." आणि त्यांचा हात धरून आत गेल्या.

डॉक्टरबाई चाळिशीच्या. त्यांनी फोटो बघितला, मग तो बाजूला ठेवून मिस्त्रींचं ऐकत बसल्या. हातापर्यंत न आलेल्या हुकमाचं, डोक्यात एकट्याच बोलणाऱ्याचं, सगळं. घाई केली नाही. ऐकून झाल्यावर त्यांनी फोटो परत हातात घेतला.

"साळवे, हा घराचा नकाशा आहे. भिंती आहेत, खोल्या आहेत, दारं जागच्या जागी आहेत. म्हणून नॉर्मल. पण त्या घरात कोण कोणाशी बोलतंय, कोणी अबोला धरलाय, हे नकाशात दिसेल का?"

मिस्त्रींनी पहिल्यांदाच मान वर केली.

"मेंदूचे भाग एकमेकांना सारखे निरोप देत असतात," त्या म्हणाल्या. "तुमच्या आजारात त्या निरोपांची रीत बदलते. स्वतःविषयी विचार करणारे भाग आपसांतच तेच ते घोळत बसतात. लक्ष दुसरीकडे वळवणारे, कामाला लावणारे जे भाग आहेत, त्यांचं नीट पोचत नाही. संशोधक आता हे बघायला शिकतायत. अजून पुरतं कळलेलं नाही, आणि सगळ्या पेशंटांत सारखंही नसतं. नुसता फोटो बघून हा आजार मी ओळखू शकत नाही. तुमच्या बोलण्यावरून ओळखला."

"म्हंजे आजार हाय?"

"आहे."

"खरा?"

"टायफॉइड असतो तेवढा खरा."

मिस्त्री रडले. दोन महिन्यांत ते रडलेही नव्हते. डॉक्टरबाईंनी गोळ्या लिहून दिल्या, त्या वहिनींच्या ताब्यात ठेवायला सांगितल्या. गुण यायला तीन-चार आठवडे लागतील, तोवर यांना एक क्षणही एकटं ठेवायचं नाही, आणि मनात काही आलं तर थेट निघून यायचं. शेठनी रजा वाढवली आणि त्या चार आठवड्यांत आम्ही पाळ्या लावल्या. वहिनी, सुजाता, मी, बाबू. बाबू कोपराला पट्टी बांधून आपल्या पाळीत त्यांच्या दारात पत्ते पिसत बसायचा. ते खेळायचे नाहीत. हा एकटाच दोघांची पानं वाटून घ्यायचा. तेविसाव्या की चोविसाव्या दिवशी मिस्त्रींनी हात लांब करून आपली पानं उचलली. बाबू सांगत होता, "मी तं श्वासच घेतला न्हाई बराच वेळ."

बरं वाटायला लागल्यावर त्यांनी पहिलं काम काय करावं? अंबडला व्याह्यांकडे जायचं ठरवलं. आम्ही सगळे त्यांच्या अंगावर धावून गेलो. वहिनी म्हणाल्या, "त्यांना कशाला सांगायचं? बिलकुल गरज न्हाई."

"लपवून पाठवली तं ती रोज भीत राहील," मिस्त्री म्हणाले. "कोण कधी सांगंल म्हणून." मग सुजाताकडे वळले. "लग्न तुझं हाय. तू नको म्हणलीस तं जात न्हाई."

सुजाताने खुंटीवरचा त्यांचा सदरा काढून दिला. बापाला ती दादाच म्हणे. मग म्हणाली, "जा दादा. सांगा."

मी बरोबर गेलो होतो. व्याही निवृत्त ग्रामसेवक, शब्द मोजून बोलणारे. मिस्त्रींनी पाणीही न पिता सगळं सांगितलं, त्या सळईच्या प्रसंगासकट. गोळ्यांचं नाव सांगितलं, दवाखान्याचं सांगितलं. व्याही म्हणाले, "कळवतो." एवढंच.

कळवायला त्यांनी पाच दिवस लावले. त्या पाच दिवसांत मिस्त्रींची झोप परत उडेल की काय, या भीतीने वहिनी रात्ररात्र जाग्या होत्या. सहाव्या दिवशी नवरामुलगा स्वतः मोटरसायकलवर आला. दारात उभ्या उभ्याच म्हणाला, "आमच्या चुलत्यांनी लग्नाला यायचं न्हाई म्हणून सांगितलं. बाकी आम्ही सगळे येऊ." मग मिस्त्रींना विचारलं, "मामा, गोळ्या बराबर घेता ना?"

"घेतो," मिस्त्री म्हणाले.

"मंग झालं." चुलता खरोखरच आला नाही, आणि त्याच्या बायकोने गावभर काय काय सांगितलं ते सुजाताला पुढे वर्षभर ऐकावं लागलं. हेही सांगायला हवं.

मिलमध्ये परतल्यावर शेठ म्हणाले, उद्यापासून स्टँडवर उभे राहा. मिस्त्रींनी नकार दिला. "अजून न्हाई शेठ. हात माझं ऐकतोय का ते मलाच पाह्यचंय." सहा महिने ते थंड बेडवर, गरम सळया निवायला पसरतात त्या जागी, सळया सरळ करीत राहिले, कमी हुद्द्यावर, ज्या पोरांना त्यांनी शिकवलं त्यांच्या हाताखाली. आणि तिथे त्यांनी नवीनच काम काढलं. पाळी सुरू व्हायच्या आधी प्रत्येक माणसाला ते विचारत, "झोप झाली का?" जो नाही म्हणेल त्याला स्टँडवरून काढून आपल्या शेजारी बेडवर घेत; हुद्दा कमी असला तरी पोरं अजून त्यांचंच ऐकत. सुपरवायझर भडकला. "हा दवाखाना नाही!"

मिस्त्री हलक्या आवाजात म्हणाले, "ती सळई माझ्या पोटातून गेली असती तं दवाखानाबी लागला न्हसता. तुम्हालाच पंचनाम्याला उभं राहावं लागलं असतं मालक."

मला 'मालक' हा शब्द ऐकू आला. इतक्या महिन्यांनी. मी पॅनलरूममध्ये जाऊन दार लावून घेतलं.

ते स्टँडवर परतले, आणखी काही वर्षं काम केलं. आजार एकदा परत आला. त्या खेपेला तो कोणाला शोधावा लागला नाही. मिस्त्री सकाळी स्वतः पॅनलरूमचा जिना चढून आले, म्हणाले, "कालपासून पेपरातली ओळ पुन्हा पुन्हा वाचून राह्यलो. स्टँडवर बाबूला उभं करा. मी औरंगाबादला चाललो." आणि गेले. दीड महिन्याने परतले.

निवृत्त होऊन ते तीर्थपुरीला राहायला गेले. तिथेच पुढे साध्या तापाचं निमित्त होऊन घरच्यांच्या हातावर गेले. मला उशिरा कळलं, जाता आलं नाही. त्यामुळे माझ्यासाठी त्यांची शेवटची भेट तीर्थपुरीच्या बसस्टँडवरचीच.

मी एका लग्नाहून परतत होतो. औरंगाबादची गाडी उभी होती आणि तिच्या खिडकीत मिस्त्री. अंगात पांढरा सदरा, केस पूर्ण पिकलेले. मला बघून हसले. त्यांच्या शेजारी तिशीतली एक बाई बसली होती, नजर मांडीवर, केस विंचरायचे राहिलेले. मागच्या सीटवर तिचा भाऊ.

"शेजारच्या गावच्या हायेत," मिस्त्री खिडकीतून म्हणाले. "अंगणवाडीत असतात. घरचे म्हंत्यात सोंग करती. डॉक्टरबाईंकडं नेऊन राह्यलो."

"तुम्ही?"

"मंग कोण? ह्यांच्या भावाला तिथली खोलीबी माहीत न्हाई." मग आवाज आणखी खाली आणून, "मी नेलेली ही पाचवी."

मला खूप काही विचारायचं होतं. कंडक्टरने घंटी दिली. मिस्त्रींनी पिशवीतून मोसंबं काढलं, सोललं, एक फोड त्या बाईच्या हातावर ठेवली. ती फोड तशीच धरून बाई बसून राहिली. गाडी वळणाला लागेपर्यंत मला दिसत होतं, मिस्त्री दुसरी फोड सोडवत होते, सावकाश, तिच्यावरचा एकेक पांढरा दोरा काढत.